लँकेस्टर, होम्स की शिपशेवाना: आमिश वस्ती पाहण्यासाठी कोठे जावे?

अमेरिकेच्या पूर्व भागात राहणाऱ्या मराठी कुटुंबाकडे उन्हाळ्यात आईवडील आले की नायगारा, वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्क आधी उरकले जाते. त्यानंतर उरलेल्या एखाद्या शनिवारी, घरात वीज आणि दारात मोटार न ठेवता राहणाऱ्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची वस्ती पाहून येण्याचा बेत निघतो आणि तो जवळजवळ नेहमी पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर काउंटीवर येऊन थांबतो. या निवडीत चूक काही नाही. मात्र आमिश म्हणजे लँकेस्टर असे समीकरण धरून चालणे बरोबर नाही. अमेरिका आणि कॅनडा मिळून आज आमिश लोकांची संख्या सुमारे 4 लाख असून त्यांच्या वस्त्या अमेरिकेच्या तीसहून अधिक राज्यांत विखुरलेल्या आहेत. लँकेस्टर परिसर, ओहायोतील होम्स काउंटीचा परिसर आणि शिपशेवाना ज्यात येते तो इंडियानातील एल्कहार्ट-लग्रेंज परिसर या तीन सर्वांत मोठ्या वस्त्या आहेत. या तिन्ही ठिकाणी टोपी, दाढी आणि घोडागाडी दिसते हे खरे असले, तरी तेथे जाणाऱ्याचा दिवस मात्र फार वेगवेगळ्या तऱ्हेने जातो.

तुलनेला बसण्यापूर्वी कसोटी ठरवणे आवश्यक आहे, कारण हे नुसते प्रेक्षणीय स्थळ नव्हे. युरोपातील पुनर्बाप्तिस्मावादी, म्हणजे बाप्तिस्मा जाणत्या वयातच घ्यावा असे मानणाऱ्या, ख्रिस्ती परंपरेतून 1693 साली याकोब आम्मान यांच्या नेतृत्वाखाली वेगळा झालेला हा समाज अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात येऊन स्थिरावला. जगापासून काही अंतर राखून राहणे हा त्यांच्या श्रद्धेचाच भाग आहे. ज्यांनी अंतर राखायचे ठरवले आहे त्यांना पाहायला जाताना आपण कोणत्या नात्याने जातो, हा प्रश्न माझ्या मते इतर सर्व सोयींच्या आधी येतो. आमिश शेतकरी किंवा सुतार कॅमेरा घेऊन कुंपणाशी उभ्या राहिलेल्या माणसाकडे पाठ फिरवतो. तोच माणूस अंडी, मका, खुर्ची किंवा गोधडी विकत घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाशी मोकळेपणाने बोलतो, मुले किती, गाव कोणते, तुमच्याकडे पाऊस केव्हा येतो हेही विचारतो. म्हणून कोणत्या ठिकाणी परक्या माणसाला गिऱ्हाईक म्हणून सहज वावरता येते, हीच या आढाव्याची मुख्य कसोटी धरली आहे. अंतर, वयस्कर मंडळींची सोय आणि शाकाहारी माणसाच्या पोटाची व्यवस्था यांचा विचार त्यानंतर केला आहे.

आणखी एक गोष्ट आधी समजून घेतली तर पुढचे फरक चमत्कारिक वाटणार नाहीत. आमिशांचे मध्यवर्ती असे धर्मपीठ नाही. साधारण 25 ते 40 कुटुंबांचा एक धर्मसमूह असतो, तो एक रविवार सोडून एक रविवार कोणा एकाच्या घरी किंवा कोठारात प्रार्थनेला जमतो, आणि काय चालेल व काय चालणार नाही याचा अलिखित नियमसंच, ज्याला ते ‘ऑर्डनुंग’ म्हणतात, त्या समूहापुरता ठरतो. त्यामुळे विजेच्या तारा घरात न घेणे आणि मोटार स्वतःच्या मालकीची न ठेवणे हे जवळपास सर्वत्र समान असले, तरी सायकल चालेल की नाही, दूरध्वनी कोठे असावा, बग्गीचे छत कोणत्या रंगाचे, मळणी कशाने करावी, या बाबतीत गावागणिक फरक पडतो. ‘आमिश लोक यंत्र वापरत नाहीत’ हे आपल्याकडे सर्रास ऐकू येणारे विधान म्हणूनच फसवे आहे. डिझेल इंजिनावर दाबलेली हवा तयार करून तिच्यावर करवती आणि रंधे चालवणारा कारखाना तिन्ही वस्त्यांत आढळतो.

लँकेस्टर: जवळचे, सोयीचे आणि गजबजलेले

न्यू जर्सीतील एडिसनहून मोटारीने सुमारे सव्वादोन ते अडीच तास, वॉशिंग्टनहून साधारण तेवढेच, आणि फिलाडेल्फियाहून अॅमट्रॅकच्या रेल्वेने सव्वा तासाच्या आत, हे लँकेस्टरचे पहिले आणि निर्विवाद बलस्थान आहे. गाडी न चालवणाऱ्या माणसाला निदान शहरापर्यंत रेल्वेने पोहोचता येईल असे या तुलनेतील हे सर्वांत सोपे ठिकाण. शहराच्या मध्यभागी असलेला सेंट्रल मार्केट हा छताखालचा बाजार मंगळवार, शुक्रवार आणि शनिवारी भरतो. त्याची आजची विटांची इमारत 1889 सालची आहे आणि आमिश विक्रेत्यांची दुकाने तेथेही आहेत. रेल्वेने येणाऱ्याने एवढा बाजार आणि शहरातील जुने रस्ते पाहिले तरी अर्धा दिवस चांगला जातो, पण त्याला शेते पाहिल्याचे समाधान मिळणार नाही. त्यासाठी पूर्वेला बर्ड-इन-हँड, इंटरकोर्स, गॉर्डनव्हिल आणि स्ट्रासबर्ग या गावांकडे जावे लागते आणि तेथे मोटारीला पर्याय नाही.

लँकेस्टरचा दोषही याच रस्त्यांवर दिसतो. 30 क्रमांकाच्या महामार्गावर मोठमोठी सवलतीची दुकाने, करमणुकीची उद्याने आणि ‘आमिश’ शब्द लावून माल खपवणाऱ्या पाट्या यांची एवढी दाटी आहे की प्रथमच आलेल्या माणसाला आपण चुकीच्या जागी आलो असे वाटावे. या रस्त्यावरील ‘आमिश फार्म अँड हाउस’ 1955 पासून पर्यटकांसाठी खुले आहे. तेथील मार्गदर्शक माहिती चांगली देतात, घराच्या खोल्या, कपडे, स्वयंपाकघरातील गॅसवर चालणारा फ्रिज हे सारे नीट दाखवतात. तथापि ते प्रदर्शन आहे, कोणा आमिश कुटुंबाचे राहते घर नव्हे, हे ध्यानात ठेवून तिकीट काढावे. वयस्कर आईवडिलांसाठी मी ते टाळा असे म्हणणार नाही, उलट दिवसाची सुरुवात तेथे केल्यास पुढे रस्त्यावर जे दिसते त्याचा अर्थ लागतो. टाळावे ते दिवसभर महामार्गावरच घुटमळणे.

महामार्ग सोडून उत्तरेला 340 क्रमांकाच्या जुन्या रस्त्याला लागले आणि तेथूनही एखाद्या अरुंद फाट्याला वळले की दृश्य पालटते. चार किंवा सहा खेचरांच्या जोडीने नांगरणी चालू असते. दोरीवर निळे, जांभळे, हिरवे आणि काळे एकरंगी कपडे कप्पीने घरापासून थेट कोठाराच्या टोकापर्यंत ओढलेले असतात. मुले सायकलऐवजी पायाने ढकलायच्या स्कूटरवर शाळेतून परत येत असतात, कारण येथील धर्मसमूहांना सायकल मान्य नाही. बग्गीचे छत राखाडी असेल तर ती आमिशांची. काळी बग्गी दिसली तर ती बहुधा जुन्या वळणाच्या मेनोनाइट कुटुंबाची असते, कारण घोडागाडी वापरणारा हा दुसरा पंथही याच परिसरात राहतो. घराजवळच्या फाटकाशी लाकडी मांडणीवर टोमॅटो, जॅमच्या बरण्या, घरचे रूट बियर (हे मद्य नव्हे, गोड पेय) आणि अंडी ठेवलेली असतात, शेजारी पैसे टाकायची पेटी असते आणि पाटीवर हाताने लिहिलेले असते: रविवारी विक्री बंद. गिऱ्हाईक म्हणून वावरण्याची खरी संधी येथे आहे, आणि ती पूर्णपणे फुकट आहे.

लँकेस्टरमध्ये जाण्याचा सर्वोत्तम काळ कोणता, असे विचारल्यास माझे उत्तर बहुतेकांना अनपेक्षित वाटेल. तो म्हणजे फेब्रुवारीअखेरपासून वसंतापर्यंतचा, ‘मड सेल’चा हंगाम. गावोगावची स्वयंसेवी अग्निशमन दले आपल्या खर्चासाठी हे लिलाव भरवतात. या दलांत आमिश पुरुषही पाण्याचे नळ घेऊन धावतात आणि लिलावासाठी गोधड्या, लाकडी सामान, जुनी अवजारे, बग्ग्या आणि घोडे आमिश घरांतूनच येतात. बर्फ वितळून शेताचा चिखल झालेला असतो, त्यावरूनच हे नाव पडले, त्यामुळे गुडघ्याचे दुखणे असलेल्या आजीआजोबांना तेथे नेऊ नये. इतरांनी मात्र गमबूट घालून अवश्य जावे. एकाच आवारात तीन-चार ठिकाणी लिलाव पुकारले जात असतात. पुकारणाऱ्याचा आकडा इतक्या वेगाने पुढे सरकतो की नवख्याला तो कळेपर्यंत वस्तू विकली गेलेली असते, आणि गोधड्यांच्या तंबूत दोन आमिश मुली काठीवर गोधडी उंच धरून उभ्या राहतात तेव्हा बोली काही शे डॉलरपासून सुरू होऊन हजाराच्या पुढेही जाते. आपल्या आजीच्या हातची गोधडी अंगावर घेऊन वाढलेल्या माणसाने जवळ जाऊन टाक्यांकडे पाहावे. एका इंचात किती टाके बसवले आहेत यावर तेथे भाव ठरतो, आणि त्या विषयावर बोलायला कोणतीही आमिश बाई तयार असते.

स्ट्रासबर्गची वाफेच्या इंजिनावर चालणारी रेल्वे आमिश शेतांमधून पॅरडाइजपर्यंत जाऊन परत येते. लहान मुले बरोबर असतील तर ही फेरी चुकवू नये. सुमारे 50 किलोमीटरवरील हर्शी येथील चॉकलेटचे आकर्षण त्याच दिवशी जोडण्याचा मोह होतो, पण तसे केल्यास दोन्ही ठिकाणे अर्धवट होतात.

निकल माइन्स हे नाव अनेकांच्या मनात असते, म्हणून त्याविषयी स्पष्ट लिहितो. 2 ऑक्टोबर 2006 रोजी तेथील एकवर्गी शाळेत बाहेरच्या माणसाने गोळीबार केला, त्यात पाच आमिश मुलींचा मृत्यू झाला, आणि त्याच दिवसांत आमिश कुटुंबांनी मारेकऱ्याच्या कुटुंबाची भेट घेऊन क्षमा केली. ती शाळा काही दिवसांतच पाडण्यात आली. तेथे पाहायला काही नाही, आणि पत्ता विचारत फिरू नये.

होम्स काउंटी: वैविध्य पाहायचे असेल तर

क्लीव्हलंड किंवा कोलंबसहून सुमारे दीड ते पावणेदोन तास आणि पिट्सबर्गहून सुमारे दोन तासांवर असलेली ओहायोची ही वस्ती संख्येने लँकेस्टरच्या तोडीची आहे. असे असूनही न्यू जर्सीतील मराठी मंडळींना तिचे नाव ठाऊक नसते. सुमारे 1808-09 पासून येथे आमिश कुटुंबे राहत आली आहेत आणि होम्स काउंटीत आज जवळपास निम्मी लोकसंख्या आमिश आहे. त्यामुळे येथे बँकेबाहेर, दवाखान्याबाहेर आणि किराणा दुकानाबाहेर घोडे बांधण्याचे आडवे खांब असतात, आणि आमिश माणूस प्रेक्षणीय वाटण्याऐवजी आपणच परके वाटू लागतो. पाहुण्याच्या दृष्टीने ही स्थिती लँकेस्टरपेक्षा निरोगी आहे असे माझे मत आहे.

या परिसराचे खरे वैशिष्ट्य म्हणजे एकाच टेकडीच्या दोन उतारांवर दोन वेगळ्या नियमांचे आमिश राहत असतात. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात वेगळे झालेले स्वार्टझेनट्रुबर आमिश अत्यंत कडक आहेत. घरात नळाची सोय नाही, कपडे गडद आणि लांब, आणि संथ वाहनाची खूण म्हणून बग्गीच्या मागे लावायचा नारिंगी त्रिकोणही त्यांना झगमगीत वाटतो म्हणून ते त्याऐवजी परावर्तक पट्टी आणि कंदील लावतात. दुसऱ्या टोकाला 1960 च्या दशकात वेगळे झालेले ‘न्यू ऑर्डर’ आमिश आहेत, ज्यांच्या घरात दूरध्वनी चालतो आणि धर्मशिक्षणावर अधिक भर असतो. त्यांच्या दरम्यान आणखी काही पंथ आहेत. लँकेस्टरमध्ये आमिशांच्या सर्व बग्ग्या एकसारख्या दिसतात. येथे मात्र बग्गीला पुढची काच आहे की नाही, दिवा विजेरीचा आहे की रॉकेलचा, एवढ्यावरून माहीतगार माणूस पंथ ओळखतो.

हे सगळे समजून घ्यायचे असेल तर बर्लिन गावाजवळील आमिश आणि मेनोनाइट वारसा केंद्रातील ‘बेहाल्ट’ हे वर्तुळाकार भित्तिचित्र आधी पाहावे. हाइंत्झ गाउगेल या चित्रकाराने रंगवलेले हे चित्र 10 फूट उंच आणि 265 फूट लांब आहे. 1525 साली झुरिकमध्ये सुरू झालेल्या पुनर्बाप्तिस्मावादी चळवळीपासून छळ, पलायन आणि अटलांटिकपलीकडचे स्थलांतर असा सगळा इतिहास त्यात गोलाकार फिरत पाहता येतो. निवेदक बरोबर चालत माहिती सांगतो आणि प्रश्न विचारले तर थांबतो. इतिहासाची आवड असलेल्या आजोबांना लँकेस्टरच्या कोणत्याही प्रदर्शनापेक्षा हे अधिक आवडेल, याविषयी मला शंका नाही.

गिऱ्हाइकाच्या कसोटीवर होम्स परिसर तिन्हींत वरचा ठरतो. शेजारच्या वेन काउंटीतील किड्रन येथे गुरुवारी जनावरांचा लिलाव असतो. लाकडी पायऱ्यांच्या बाकांवर काळ्या किंवा गवती टोप्यांच्या रांगा बसलेल्या असतात, मधल्या गोल रिंगणात वासरू येते, पुकारणारा गातच राहतो, आणि बोली लावणारा माणूस भुवई उचलतो की मान हलवतो हेही शेजाऱ्याला कळत नाही. प्रवेशाला तिकीट नाही, पण विनाकारण हात वर करू नये, एवढी खबरदारी पुरे. तेथेच 1955 साली सुरू झालेले ‘लेहमन्स’ हे अवाढव्य दुकान आहे. विजेवाचून चालणाऱ्या वस्तू आमिश गिऱ्हाइकांना मिळाव्यात म्हणून ते निघाले. कंदील, लाकडावर चालणाऱ्या चुली, हाताने फिरवायच्या लोण्याच्या रव्या, धान्य दळायची हातजाती, कपडे पिळायचे रूळ हे सारे तेथे नवेकोरे विक्रीला असते. खेड्यात बालपण गेलेल्या आपल्या आईवडिलांना या दुकानात दोन तास सहज लागतात, आणि त्यातल्या अनेक वस्तू कशा वापरतात हे ते तुम्हाला तेथील विक्रेत्याआधी सांगतात.

चार्म, माउंट होप, वॉलनट क्रीक ही लहान गावे टेकड्यांतील वळणदार रस्त्यांनी जोडलेली आहेत. मिलर्सबर्गवरून जाणाऱ्या जुन्या लोहमार्गाच्या जागी केलेल्या ‘होम्स काउंटी ट्रेल’वर दोन पट्टे आहेत, एक चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी, दुसरा बग्ग्यांसाठी. मोटार बाजूला ठेवून तासभर या वाटेने चालले तर शेजारून टापांचा आवाज करत गेलेल्या बग्गीतील माणूस हात वर करून अभिवादन करतो. महामार्गावर काचेआडून शंभर बग्ग्या पाहण्यापेक्षा हे बरे.

उणिवा दोन आहेत. सार्वजनिक वाहतूक जवळपास नाही, आणि रस्ते चढउताराचे असल्याने चढाच्या पलीकडे ताशी 10 ते 15 किलोमीटरने चाललेली बग्गी अचानक समोर येते. ज्याला अमेरिकेत गाडी चालवण्याचा सराव कमी आहे त्याने संध्याकाळनंतर येथे गाडी चालवू नये. कंदील लावलेली काळी बग्गी अंधारात अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. बग्गीच्या मागे असताना हॉर्न वाजवायचा नाही आणि ओलांडताना पुढचा रस्ता पूर्ण दिसत असेल तरच ओलांडायचे, हे तिन्ही ठिकाणी लागू आहे, पण येथे सर्वांत जास्त.

शिपशेवाना: कामावर जाणारा आमिश

शिकागोकडील आणि डेट्रॉइटकडील मराठी कुटुंबांना इंडियानाच्या उत्तर सीमेजवळचे शिपशेवाना सुमारे अडीच ते तीन तासांवर पडते. शिकागोहून येताना घड्याळ एक तास पुढे जाते, हे निघतानाच लक्षात घ्यावे. 1841 पासूनची ही वस्ती सपाट प्रदेशात आहे, डोंगरदऱ्यांचे सौंदर्य तिला नाही. छायाचित्रासारखे देखावे हवे असतील त्याने लँकेस्टर किंवा होम्सच निवडावे.

तरीही एका कारणासाठी मी शिपशेवानाची शिफारस करतो. आमिश म्हणजे शेतकरी ही समजूत येथे सर्वांत लवकर गळून पडते. शेजारचा एल्कहार्ट परिसर अमेरिकेतील बहुसंख्य निवासी मोटारगाड्या, म्हणजे चाकांवरची घरे, तयार करतो आणि त्या कारखान्यांत आमिश पुरुषांची संख्या मोठी आहे. स्वतः मोटार न बाळगणारा माणूस पहाटे भाड्याच्या गाडीतून किंवा सायकलवरून कारखान्यात जातो, दुसऱ्यांच्या सहलींसाठी मोटारघरे बांधतो आणि दुपारी परत येऊन घोड्याला चारा घालतो. येथे सायकल सर्रास चालते, अलीकडे विजेरीवर चालणाऱ्या सायकलीही खूप दिसतात. हा विरोधाभास नव्हे. कोणती वस्तू कुटुंबाला आणि शेजाराला घराबाहेर ओढून नेईल याचा विचार करून नियम ठरतात, वस्तू जुनी की नवी यावर नाही. तीन वस्त्यांची तुलना करताना हे तत्त्व येथे सर्वांत स्पष्ट दिसते.

मे ते सप्टेंबर या काळात मंगळवारी आणि बुधवारी शिपशेवानाचा मोठा आठवडी बाजार भरतो आणि बुधवारी जुन्या वस्तूंचा लिलाव असतो. बाजारातील बरेचसे विक्रेते आमिश नसतात आणि स्वस्त आयात मालही भरपूर असतो, त्यामुळे ‘अस्सल’ वस्तूंच्या शोधात जाणाऱ्याची निराशा होईल. घोड्यांचा लिलाव शुक्रवारी होतो आणि मला तो बाजारापेक्षा अधिक पाहण्याजोगा वाटतो. मेनो-हॉफ हे 1988 मध्ये सुरू झालेले संग्रहालय तुरुंगाची कोठडी, जहाजाचा तळमजला आणि वादळाचा अनुभव देणारी खोली अशा दालनांतून इतिहास सांगते. शाळकरी मुलांना ते बेहाल्टपेक्षा जास्त रुचेल, मोठ्यांना बेहाल्ट.

जेवणाचा प्रश्न

शाकाहारी कुटुंबाने या बाबतीत गाफील राहू नये. तिन्ही ठिकाणची आमिश पद्धतीची भोजनालये मांसाहारावर उभी आहेत. हिरव्या शेंगांच्या भाजीत डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, शेवयांसारखे नूडल्स कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेले असतात, आणि ‘पाय’ (pie) या सारण भरून भाजलेल्या गोड पदार्थाचे कवच अनेकदा डुकराच्या चरबीत मळलेले असते. काकवीसारख्या गडद पाकाचे सारण असलेला ‘शूफ्लाय पाय’ लँकेस्टरची खासियत आहे आणि मराठी जिभेला तो लगेच ओळखीचा वाटतो, पण घेण्यापूर्वी कवच लोण्यात केले आहे का, हे विचारावे. विचारल्याचा कोणी राग मानत नाही. चीजमध्ये प्राणिज रेनेट, म्हणजे वासराच्या जठरातून काढलेले विरजण, असू शकते. निर्धास्तपणे खाण्यासारखे म्हणजे समोर भाजून लोणी लावलेले मऊ प्रेट्झल, जुलैअखेरचा कोवळा मका, फळांचे जॅम आणि मोहरी घातलेले गोडसर भाज्यांचे लोणचे, ज्याला ‘चाऊ-चाऊ’ म्हणतात. लँकेस्टर शहरात भारतीय उपाहारगृहे आहेत. होम्स परिसरात आणि शिपशेवानाला जाताना मात्र थेपले, दशम्या आणि चटणी बरोबर ठेवणे शहाणपणाचे. मांसाहारी मंडळींना या अडचणी नाहीत. त्यांनी शक्य असेल तर आधी ठरवून एखाद्या आमिश घरी जेवावे, ही सोय लँकेस्टर आणि होम्स दोन्हीकडे काही कुटुंबे पैसे घेऊन करतात. लांब बाकावर बसून, जेवणाआधीची मूक प्रार्थना पाळून केलेले ते जेवण कोणत्याही प्रदर्शनापेक्षा जास्त सांगून जाते.

छायाचित्रांविषयी थोडक्यात: चेहरा ओळखू येईल असे छायाचित्र घेऊ नये, मुलांचे तर मुळीच नाही. पुढे उभे राहून छायाचित्र काढून घेणे हे त्यांच्या दृष्टीने अहंकाराचे आणि बायबलमधील आज्ञेविरुद्ध आहे. शेत, कोठार, दूरवरची बग्गी यांना हरकत नसते. भाड्याच्या बग्गीतून फेरी मारायची असेल तर चालक खरोखर आमिश आहे का आणि फेरी महामार्गावरून आहे की शेतांतून, हे दोन प्रश्न तिकीट काढण्याआधी विचारावेत.

मग कोणी कोठे जावे?

न्यू जर्सी, फिलाडेल्फिया किंवा वॉशिंग्टनहून एका दिवसात जाऊन यायचे असेल, बरोबर वयस्कर मंडळी आणि लहान मुले असतील, तर लँकेस्टरच निवडावे, पण 30 क्रमांकाच्या महामार्गावर दोन तासांहून अधिक वेळ घालवू नये. दोन दिवस आणि गाडी हाताशी असेल, वाचनाची आणि शेतीची आवड असेल, तर कितीही लांबून होम्स परिसर गाठावा. एकच ठिकाण निवडा म्हटले तर माझे मत त्यालाच आहे. शिकागोच्या माणसाने शिपशेवाना पाहावे, मात्र मध्य-आठवड्यात रजा काढून.

लँकेस्टर आधीच पाहिले आहे आणि गर्दी नको, अशांसाठी पेनसिल्व्हेनियातच चौथा पर्याय आहे. स्टेट कॉलेज या गावाजवळच्या मिफ्लिन काउंटीत दोन डोंगररांगांमधील ‘बिग व्हॅली’त पिवळ्या, पांढऱ्या आणि काळ्या छताच्या बग्ग्या वापरणारे तीन आमिश पंथ शेजारीशेजारी राहतात, आणि बेलव्हिलच्या बुधवारच्या बाजारात तिन्ही रंग एकाच आवारात बांधलेले दिसतात. पर्यटकांसाठी तेथे फारसे काही उभारलेले नाही, म्हणून पहिल्या भेटीला मी ते सुचवणार नाही. तेथील पेन स्टेट विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांकडे आलेल्या पालकांनी मात्र बुधवार राखून ठेवावा.

दिवस निवडण्याची चूक ठिकाण निवडण्याच्या चुकीपेक्षा महाग पडते. रविवारी तिन्हीकडे आमिशांची दुकाने, मांडण्या आणि बाजार बंद असतात. लँकेस्टरमध्ये ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर हा लग्नांचा हंगाम असतो आणि लग्ने प्रामुख्याने मंगळवारी व गुरुवारी लागतात, त्यामुळे त्या दिवशी एखादे दुकान कुलूपबंद आढळल्यास आश्चर्य वाटू नये. ज्यांना पूर्ण दिवस मोकळा असा रविवारच मिळतो, त्यांनी पेट्रोल जाळून तेथवर जाण्यापेक्षा एखाद्या शनिवारी थोडा वेळ काढून फिलाडेल्फियातील रीडिंग टर्मिनल मार्केट गाठावे. लँकेस्टरहून येणारे आमिश विक्रेते तेथे प्रेट्झल, लोणची आणि पाय विकतात, आणि न्यू जर्सीतील आमिश बाजारही बहुधा गुरुवार ते शनिवार उघडे असतात.